पेवातली कोरड

मंगळवेढ्याची ज्वारी पाऊस सरता सरता पेरतात. हस्ताचं पाणी काळ्या रानात मुरलं की पाभर चालते, आणि पुढचे चार महिने ते पीक जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर उभं राहतं. माघ-फाल्गुनात ताटं उपटायची वेळ येते तेव्हा रानाला भेगा पडलेल्या असतात, वारा कोरडा असतो आणि आभाळात ढगाचं नाव नसतं. ओलीवर वाढलेलं धान्य कोरड्या हवेत हाती येणं ही आमच्या मुलखाची फार मोठी सोय आहे. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही भरवशाचा नाही. अशा ठिकाणी माणसं टिकली ती या एका गोष्टीच्या आधारावर, असं मला अभ्यासाअंती वाटतं.

मी या तालुक्यातली. घरी पेव, म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खड्डा, होतं. पुढे नोकरी केली ती धान्याच्या वखारीत, माल तपासण्याची. पोत्यात पोकळ सळी खुपसून नमुना काढायचा, यंत्रात घालायचा आणि आकडा लिहायचा. आलेला प्रत्येक जण एकच विचारायचा, ‘मॉइश्चर किती लागलं?’ आज्जी ज्वारीचा दाणा दाढेखाली धरायची. कट्कन फुटला तर ठीक, दबला तर आणखी दोन उन्हं. यंत्राचा आकडा आणि आज्जीची दाढ यांत मला फारसा फरक कधी आढळला नाही. म्हणून पेवाबद्दल लिहायचं तर या दोन्ही बाजूंनी लिहिता येईल, असं मनात होतं.

आधी ओलीबद्दल. मळलेला दाणा मेलेला नसतो. तो श्वास घेतो, म्हणजे प्राणवायू घेऊन आपल्यातलं पिष्ट थोडं थोडं जाळतो, आणि त्यातून कर्बवायू, ऊब आणि पाणी तयार होतं. दाण्यात पाण्याचा अंश बारा टक्क्यांच्या आत असेल तर हे इतकं सावकाश चालतं की वर्षभरात फरक पडू नये. पंधरा-सोळाच्या पुढे गेलं की रास आतून गरम होऊ लागते. त्या उबेत बुरशी धरते, सोंडे किडे वाढतात, त्यांच्याही श्वासातून पाणी निघतं, आणि ओल ओलीला वाढवत जाते. शिवाय धान्य हवेशी देवाणघेवाण करत असतं. हवेची आर्द्रता सत्तर टक्क्यांवर राहिली तर ज्वारी किंवा गहू साधारण तेरा-चौदा टक्क्यांवर येऊन थांबतो, मग तो खळ्यावरून कितीही कोरडा आलेला असो. खळ्यावरची कोरड ही अशी उसनी असते. ती पुढे आठ-दहा महिने टिकवायची म्हणजे धान्य आणि आषाढ-श्रावणातली हवा यांच्यामध्ये काहीतरी उभं करायचं. ते काय असावं, याचं उत्तर प्रत्येक मुलखाने आपल्या मातीकडे पाहून दिलं.

आमच्याकडचं उत्तर जमिनीत होतं. पण कुठल्याही जमिनीत नाही. आपल्या खेड्यांत काळी आणि पांढरी असा भेद पूर्वापार आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गाव वसलेली. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात पेव खणलं तर पहिल्याच पावसाळ्यात भिंतीतून पाझर येईल. पांढरीखाली मात्र घट्ट माती, तिच्याखाली मुरूम, आणि गाव सहसा उंचवट्यावर असल्यामुळे पाणी वाहून जाणारं. पेवं गढीच्या आवारात, वाड्यांच्या चौकात, वेशीजवळच्या उंचवट्यावर असायची, ती याच कारणाने.

आमचं पेव दोन पुरुष खोल होतं. तोंड इतकं अरुंद की एका माणसाने हात वर करून कसंबसं आत उतरावं, आणि खाली पोट रुंद. पाच खंडी ज्वारी त्यात मावायची. भरण्याआधीचे आठ-दहा दिवस त्याचेच असत. आत तुराट्या आणि गोवऱ्या पेटवून भिंती तापवायच्या. राख काढली की शेणामातीने सारवायचं, ते वाळू द्यायचं, पुन्हा धग द्यायची. भिंतीला हात लावून आज्जी ठरवायची, आता भरा. तळाला भुसा आणि त्यावर कडब्याचा जाड थर, कडेने कडब्याच्या पेंढ्या उभ्या लावत जायच्या, आणि मध्ये ज्वारी. हे अस्तर फार महत्त्वाचं. मातीतून येणारा दमटपणा आधी कडबा पितो.

ज्वारी उन्हातून थेट पेवात जात नसे. दिवसभर उन्ह दिलेली रास दिवस कलायच्या आत सावलीत ओढायची, तिची धग जाऊ द्यायची, पण दव पडायच्या आधी झाकायची. दुसऱ्या दिवशी भरायची. गरम धान्य कोंडलं तर त्याची वाफ वर जाऊन थंड जागी पाणी धरते. हे मला नोकरीच्या प्रशिक्षणात शिकवलं तेव्हा मी वर्गात बसून आमच्या अंगणातली ती संध्याकाळची घाई आठवत होते. कडुलिंबाचा पाला घालायचा तोही आधी सावलीत कुरकुरीत वाळवलेला. हिरवा पाला म्हणजे आपल्या हाताने घातलेलं पाणी.

ज्वारी पडत जाई तसा एक जण आत उभा राहून ती पायांनी दाबत जाई, पोकळी राहू नये म्हणून. काठोकाठ भरलं की वर भुशाचा थर, त्यावर दगडाची शिळा, शिळेच्या कडा चिखल-शेणाने लिंपलेल्या आणि त्यावर मातीचा उंचवटा. पावसाचं पाणी तोंडावर थांबू नये, उतरून जावं इतका त्याला ढाळ. पुढे पोरं त्यावर खेळायची आणि पावसाळ्यात तिथे गवत उगवायचं. नवख्याला खाली धान्य आहे हे कळायचं नाही, आणि लुटालुटीच्या दिवसांत याचाही उपयोग असणारच.

आत काय घडत असे? वर उन्हाळ्यात पारा बेचाळीसला जातो आणि पौषात पहाटे बारा-तेराला येतो. दोन पुरुष खोल मात्र उष्णता वर्षभर जवळजवळ सारखी राहते. राशीच्या एका भागात गरम आणि दुसऱ्यात थंड असं झालं नाही तर आतली ओल इकडून तिकडे सरकत नाही. दुसरं म्हणजे हवा. तोंड लिंपल्यावर दाणा, चुकून आलेले सोंडे आणि बुरशी मिळून आतला प्राणवायू काही आठवड्यांत वापरून टाकतात. तो दोन-तीन टक्क्यांवर उतरला की किडे मरतात आणि दाण्याचा श्वासही मंदावतो. पुढे नवी ऊब नाही, नवं पाणी नाही. कीटकनाशकाचा कणही न घालता ज्वारी दोन-दोन, तीन-तीन वर्षं राहायची, ती यामुळे.

बियाणं मात्र पेवात कधी गेलं नाही. त्या कोंडलेल्या हवेत दाणा खायला चांगला राहतो, पण उगवायची ताकद हळूहळू जाते. म्हणून बियाण्याची निवडक कणसं तुळईला टांगलेली असत, किंवा मडक्यात राखेत मिसळून, तोंड बांधून, स्वयंपाकघरातल्या उतरंडीत. राख ओल शोषते, किड्याला चालू देत नाही. खायचं एका जागी आणि पेरायचं दुसऱ्या जागी, हे ठरवणारी बाई कुठल्या शाळेत गेली नव्हती.

आता पेवाची दुसरी बाजू, जी सांगताना लोक सहसा गाळतात. किड्याला मारणारी हवा माणसालाही मारते. पेव उघडलं की शिळा सरकवून ते दिवसभर तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. ज्यांनी घाई केली त्यांच्या मृत्यूच्या गोष्टी आमच्या भागातल्या गावागावांत आहेत. आणि उतरणारा माणूस मालकाच्या घरातला क्वचितच असे. तो गडी असे, नाहीतर गावकुसाबाहेरून बोलावलेला.

दुसरं, पेव कितीही निगुतीने भरलं तरी कडेचा आणि तळाचा थर वाया जायचाच. कडब्याने ओल पिऊनही काही बोटं ज्वारी काळी पडायची, गठ्ठे व्हायचे, तिला कुबट वास यायचा. ती ज्वारी फेकली जात नसे. मजुरीत, बलुत्यात, वाढीव पायलीच्या नावाखाली ती गरिबांच्या घरी जाई. त्या भाकरीचा वास मी बालपणी शेजारच्या वस्तीवर घेतलेला आहे. आज त्याचं मोजमाप करणारे आपण बुरशीच्या विषांबद्दल बोलतो. तेव्हा ते कुणी मोजलं नाही, पण खाल्लं कुणी हे गावाला ठाऊक होतं. पेवाचं कौतुक करताना ही कडेची ज्वारी मला विसरता येत नाही.

पेव ज्याच्याकडे, भाव त्याच्याकडे, असाही हिशेब होता. लहान शेतकऱ्याकडे तट्ट्याची कणगी, वरून शेणाने लिंपलेली. कणगी श्वास घेते. श्रावणात ती हवेतला दमटपणा आत घेई, नागपंचमीच्या सुमारास जात्याखाली जाणाऱ्या ज्वारीत जाळी दिसू लागत. म्हणून तो खळ्यावरच विकून मोकळा होई, भाव पडलेला असताना. आषाढात घरातलं संपलं की तोच माणूस सावकाराच्या पेवाशी उभा. घेतलेलं पुढच्या सुगीला सवाईने किंवा दिढीने परत. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला तेव्हा रेल्वे सोलापुरात पोचून दीड दशक झालं होतं. धान्य वाघिणींतून येत होतं तसं जातही होतं. भुकेल्या माणसाला ते हातात मिळणं ही तिसरी गोष्ट होती. धान्य कोरडं ठेवायची ताकद कुणाकडे आहे, यावर गावातला निम्मा व्यवहार ठरायचा असं मी म्हणते, ते याच अर्थाने.

मंगळवेढं म्हटलं की दामाजीपंतांचं नाव निघणारच. बहामनी अमलात ते इथले अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं लोकांसाठी खुली केली, बिदरहून पकडायला माणसं आली, आणि विठोबाने विठू महाराच्या रूपात जाऊन रक्कम भरली, ही कथा आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही सांगतात. दुष्काळाचं नेमकं साल शोधण्याचा माझा हेतू नाही. कथा ऐकताना मला वखारीतल्या सवयीने एकच गोष्ट दिसते. कोठाराचं दार उघडलं तेव्हा आतली ज्वारी खाण्याजोगी होती. आधीच्या सुगीचं, कदाचित त्याआधीचंही धान्य तिथे होतं आणि ते कुणीतरी कोरडं राखलं होतं. पंतांच्या करुणेबरोबर त्या अनामिक राखणाऱ्यांनाही मी हात जोडते.

ही विद्या पंतांच्याही खूप आधीची. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे निघाली. जव हे त्यांचं मुख्य धान्य. घरांजवळ धान्याची बळदं म्हणून खणलेले, आतून लिंपलेले खड्डे सापडले, आणि मातीचे गोल ओटेही सापडले, ज्यांवर कणग्या ठेवत असावेत. म्हणजे जमिनीखालचं कोंडलेलं आणि जमिनीवरचं श्वास घेणारं, ही दोन्ही उत्तरं तीन हजार वर्षांपूर्वी एकाच गावात शेजारी शेजारी होती. ते ओटे मी अहवालातल्या आराखड्यात पाहिले तेव्हा मला ती माणसं एकदम जवळची वाटली. कुठलं धान्य खाली पुरायचं आणि कुठलं वर ठेवायचं, याची चर्चा त्यांच्याही घरात झाली असेल.

किल्ल्यांचा प्रश्न वेगळा. खडकावर पेव कसलं खणणार? तिथे जाड भिंतींची कोठारं. पन्हाळ्याच्या अंबारखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं आजही उभी आहेत. धान्य वरून, छतातल्या भोकांतून ओतायचं. भिंतीची जाडी पाहिली की दिवसाची तापणूक आणि रात्रीचा गारठा आत पोचू नये हा विचार ध्यानात येतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरची धान्यगृहं उंदीर, किडा, मुंगी, वाळवी यांपासून सुरक्षित राहतील अशी पक्क्या जमिनीवर बांधावीत, असं बजावलं आहे. गड शिबंदीच्या पोटावर लढतो.

नोकरीत मला कोकणात जावं लागलं, आणि तिथे माझी पुष्कळशी समजूत नव्याने बसली. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस आहे आणि चार हात खणलं की पाणी लागतं, तिथे पेवाचं नाव काढणंही व्यर्थ. शिवाय भात येतं पाऊस सरायच्या सुमारास, वीस टक्क्यांच्या पुढे ओल घेऊन. त्या लोकांनी तांदूळ न साठवता भात साठवलं, टरफलासकट. टरफल किड्याला अडवतं आणि ओलीचा चढउतार मंद करतं. लागेल तसं कांडायचं. बांबूची कणगी दगडांवर किंवा लाकडी चौकटीवर, जमिनीपासून उचललेली. बियाण्याचं भात पेंढ्यात आवळून, पेंढ्याच्याच वेठाने गुंडाळून मुडी बांधलेली, आणि ती चुलीवरच्या माळ्यावर, जिथे पावसाळाभर धूर आणि ऊब पोचते. एका घरी म्हाताऱ्या काकूंनी मला माळ्यावरची मुडी दाखवली. ती धुराने इतकी तांबूस झाली होती की हात लावला तर काजळी लागावी. आतलं भात मात्र स्वच्छ पिवळं. आमच्याकडे हवा बंद करून कोरड राखतात, तिथे हवा आणि धूर खेळता ठेवून. दोन्हीकडे शास्त्र एकच, फक्त मातीने आणि पावसाने बाजू ठरवून दिली.

पेवं बुजली ती साधारण माझ्या लहानपणी. लोक म्हणतात, पद्धत जुनाट होती म्हणून गेली. मला हे पटत नाही. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. उत्पन्न भरघोस, भूक मोठी, त्यामुळे लोकांनी तो घेतला आणि ते योग्यच होतं. पण तो खरिपाचा, लवकर पिकणारा. कणसं भरायच्या वेळीच परतीचा पाऊस गाठायचा, दाणे काळे पडायचे, खळ्यावरच ओल पंधरा-सोळाच्या पुढे. ती ज्वारी कुणी पेवात भरली की आतून आंबून निघायची, आणि दोष पेवाच्या माथी. पेव हे मालदांडीसारख्या कोरड्या हवेत पिकणाऱ्या रब्बी ज्वारीसाठी घडलेलं होतं. दुसरं पीक आलं तेव्हा त्याची अट कुणी नव्याने पाहिली नाही.

त्याच काळात लेव्ही, म्हणजे शेतकऱ्याकडून सक्तीने घ्यायचं धान्य, आली, सरकारी खरेदी आली. वखार महामंडळं १९५७ पासून उभी राहू लागली होती, १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालं. १९७२ च्या दुष्काळात आम्ही सुकडी खाल्ली, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली. त्या वर्षी आमचं पेव रिकामं होतं, आणि पुढे ते नीट कधी भरलंच नाही. रेशनचं दुकान झालं, पोती झाली. साठवण गावाच्या हातातून मोठ्या शेडमध्ये गेली. मी त्या शेडमध्ये काम केलं आहे आणि तिची किंमत मला माहीत आहे. दुष्काळात धान्य जिल्हा ओलांडून वेळेत पोचतं ते तिच्यामुळे, आणि तिथे सावकाराची दिढी नाही. पण तागाचं पोतं हवेतली ओल सहज घेतं, म्हणून तिथली सगळी राखण दक्षतेवर. पोती लाकडी फळ्यांवर रचायची, भिंतीपासून हातभर सोडून. कोरड्या दिवशी झरोके उघडायचे, दमट दिवशी घट्ट बंद ठेवायचे. एक ढगाळ दिवस दार उघडं राहिलं तर थप्पीच्या बाहेरच्या पोत्यांचा आकडा वाढलेला दिसतो.

घराघरांत पत्र्याची कोठी आली. उंदीर थांबले, हे मोठं काम झालं. पण पत्रा दिवसा तापतो आणि रात्री गारठतो. आतली गरम हवा वर जाते, झाकणाखाली थंड होते आणि पाणी धरते. डिसेंबर-जानेवारीत कोठी उघडून पाहा, वरचा वीतभर थर चिकटलेला असेल आणि खालची ज्वारी उत्तम. मी नात्यातल्या बायकांना सांगते, कोठी पत्र्याच्या छपराखाली किंवा बाहेरच्या भिंतीशी ठेवू नका, धान्य निवल्याशिवाय भरू नका, आणि भरायच्या आधी एक काम करा. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि कोरडं मीठ घालून जोराने हलवा. मीठ काचेला चिकटलं तर आणखी ऊन हवं. यंत्र लागत नाही.

पेवं सगळीकडे एकदम संपली नाहीत. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णाकाठी, हळदीची पेवं अलीकडेपर्यंत नांदती होती. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं रंग आणि वास धरून राहते, म्हणून व्यापारी लांबून माल आणून तिथे ठेवायचे. २००५ च्या महापुरात पाणी त्या पेवांत शिरलं आणि हळद कुजली. जी माती इतकी वर्षं कोरडी राहिली तिच्यावर नदी आली तर काय करणार. आता बाजारात धान्यासाठी जाड हवाबंद पिशव्या मिळतात. त्यांचं काम पेवासारखंच, प्राणवायू संपवून किडा मारण्याचं, आणि कडेचा थर त्यात वाया जात नाही. त्या विकायला येणाऱ्या तरुणांना मी आवर्जून विचारते की ज्वारी किती मॉइश्चरला भरायला सांगता. बाराच्या आत, असं उत्तर आलं की मी शेजाऱ्यांना घ्या म्हणते.

माझं एक मागणं आहे. मंगळवेढा, सांगोला, पंढरपूर, मोहोळ, जत या भागांत ज्यांच्या घरी, गढीत किंवा चावडीजवळ पेव होतं, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून काही गोष्टी लिहून ठेवाव्यात. किती हात खोल, खाली मुरूम किती खोलीवर लागला, अस्तर कडब्याचं की उसाच्या पाचटाचं, कुठल्या महिन्यात भरत आणि कुठल्यात उघडत, कडेची किती बोटं ज्वारी काळी निघे आणि ती कुणाला जाई, आत कोण उतरे. उतरणाऱ्यांची नावं आठवत असतील तर तीही लिहावीत. मी आमच्या गावापुरतं हे काम सुरू केलं आहे.